सारवलेला खड्डा

ओढ्याचं पाणी घोट्याखाली उतरलं की माळावर शाळांच्या गाड्या यायला लागत. एका गाडीत चाळीस पोरं, दोन मास्तर, आणि पाण्याच्या बाटल्यांचा नुसता खडखडाट. तीन दिवस ती पोरं शिबिराच्या तंबूत राहत. दगड तोलून बघत, ओढ्याचं पाणी बाटलीत भरून उन्हाला धरत, पानांचे ठसे घेत, आणि एका दिवशी शिडीवरून खड्ड्यात उतरून मातीचं पोट बघत.

तो खड्डा माळाजवळच्या एका घरानं खणायचा, सासरे, नवरा आणि सून मिळून. पुरुषभर खोल, सात-आठ जण मावतील एवढा रुंद, एका अंगाला शिडी, दुसऱ्या अंगाला सरळ उभी भिंत. तीन आठवडे पोरांचे हात लागले की भिंत झिजे, काठ ढासळे. मग तो बुजवायचा आणि दहा पावलांवर नवा धरायचा. खणायचं, दाखवायचं, बुजवायचं. हंगामाचे चार महिने हेच. माळावर बुजवलेल्या खड्ड्यांच्या जागा अंगावरच्या जुन्या जखमांसारख्या फिकट दिसत.

अकरा हंगाम सासऱ्यांनी खड्डे केले. त्याआधी ते विहिरी खणत. मग विहिरींना यंत्रं आली आणि त्यांची पहार दाराआड उभी राहिली, ती ह्या शिबिरानं पुन्हा बाहेर काढली. आता शिबिरावरही नवा व्यवस्थापक आला होता. त्याच्या गळ्यात सदा शिट्टी असे, म्हणून स्वयंपाकघरापासून तंबूपर्यंत सगळे त्याला शिट्टीसाहेबच म्हणत. हंगामाच्या पहिल्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं होतं, "हे बघा, एक खड्डा करायला तुम्हाला चार दिवस लागतात. यंत्र अर्ध्या तासात करतं. जुनी माणसं म्हणून ठेवतोय. पण एक तक्रार आली, की यंत्र."

नवरा म्हणाला, "येणार नाही तक्रार." सुनेनं घमेलं उचललं.

ह्या वर्षी सासऱ्यांच्याने खणवत नव्हतं. आयुष्यभर गिळलेली दगडाची धूळ छातीत दाटली होती. दोन वाक्यं बोलले की मध्ये एक शिट्टी वाजे, आणि ती गळ्यातली नव्हती. ते काठावर पालथ्या घमेल्यावर बसून सांगत, आणि नवरा खाली कुदळ चालवी. सून वर दोर ओढून माती उपसे. सहा वर्षं ती हे करत होती. तिच्या तळव्यांना दोराचा माग पडला होता, आणि घमेल्यात काय आलंय ते न बघता, नुसत्या वजनावरून ती ओळखे. आधी काळी, हलकी, मुळांच्या केसांनी भरलेली. मग तांबूस, चिकट, घमेल्याला सोडत नाही अशी. मग पांढऱ्या खड्यांची. मग गोटे. मग मुरूम, आणि त्याखाली कातळ, की नवरा खालून ओरडे, "लागला!"

पण शेवटचं काम कुणी बघितलेलं नव्हतं. खणून झालं की सासरे सगळ्यांना काठापासून लांब घालवत. विहिरीतली सवय. वरून एक खडा सुटला तर खालचा माणूस जायचा. एकटे खाली उतरत आणि आतून बराच वेळ बारीक आवाज येई, टक, टक, टक, कुणी लांबवर सुपारी फोडावी तसा. संध्याकाळ व्हायच्या आत वर येत, खड्ड्यावर ताडपत्री ओढत, चार कोपऱ्यांवर दगड ठेवत. सकाळी पोरं यायची तेव्हा सून शिबिराच्या स्वयंपाकघरात चाळीस पोरांची ताटं घासत असे. खड्डा बुजवताना ती वरून माती लोटे, तेव्हा भिंत हात लागून लागून मळलेली, धुरकट झालेली असे. त्या भिंतीत बघण्यासारखं काय असतं, हे तिला कधी कळलंच नव्हतं. खाली गार लागतं, तिथं बाई काहीतरी सांगतात, पोरं ऐकतात, एवढंच तिला ठाऊक.

हंगामातला तिसरा खड्डा चौथ्या दिवशी दुपारी कातळाला लागला. नवरा शिडीवरून वर आला, पाठ धरून उभा राहिला. सासरे उठले. शिडीकडे दोन पावलं टाकली आणि त्यांना जी उबळ आली ती थांबेचना. ओठ निळे झाले. नवऱ्यानं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यावरच्या दुधाच्या टेम्पोला हात केला.

टेम्पोत बसवताना त्यांनी सुनेचा दंड धरला. "भिंत राहिली," एवढंच म्हणाले.

"बघते मी. तुम्ही जा, मामंजी."

टेम्पो गेला. धूळ खाली बसली. सून खड्ड्यात उतरली.

भिंत बघून तिचा जीवच गेला. कुठं कुदळीचे घाव, कुठं लोंबणारी मुळं, कुठं अर्धे बाहेर डोकावणारे गोटे. बोट लावलं की ढेकूळ सुटे. आणि उद्या इथं पांढरेशुभ्र सदरे घातलेली पोरं उभी राहणार. एखाद्याच्या डोक्यात गोटा पडला तर? मामंजी एवढा वेळ ठोकत बसतात ते हेच नीटनेटकं करत असणार, तिनं ठरवलं. भिंत म्हणजे भिंत. आणि भिंतीचं तिला कुणी शिकवायला नको होतं. माहेरी असल्यापासून तिच्या हातची भिंत बघायला शेजारणी येत.

तिनं मुळं विळ्यानं छाटली. बाहेर आलेले गोटे ठोकून आत बसवले. मग त्याच खड्ड्यातली चिकट माती चाळली, पाणी घालून तुडवली, लोण्यासारखी केली आणि वरपासून खालपर्यंत हातानं भिंत सारवायला घेतली. एका उंचीचे अर्धगोल, एकाशेजारी एक. खांदे भरून आले, तशी आपोआप गुणगुण ओठांवर आली.

*ओला हात, सुकी भिंत, दोघांची गं जोडी,*
*हात जरा दमला की भिंत त्याला ओढी.*

दिवस कलला तेव्हा भिंत सायीसारखी झाली होती. कुठं खड्डा नाही, कुठं खडा नाही. तिनं मागं सरून बघितलं, कपाळावरचे केस कोपरानं सारले. मग वर येऊन ताडपत्री ओढली आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवले.

सकाळी ती ताटं घासत होती तेव्हा शिट्टी वाजली. पोरांना बोलवायची नव्हे. लांब, तुटक, रागाची.

ती ओल्या हातांनी पळत गेली. खड्ड्याभोवती पोरांचं कडं होतं. खाली माती शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्या बारा महिने कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात उभ्या, म्हणून पोरं त्यांना पाठीमागं खड्डेबाई म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. एरवी त्या हसऱ्या. आज त्या हातातली सुतळी नुसतीच धरून होत्या.

"मुलांनो," त्या तरीही म्हणाल्या, "किती थर दिसतात?"

"एकच!" एक पोरगा ओरडला.

"बाई, ही तर घराची भिंत आहे."

"माझ्या आजीच्या घरी सेम अशीच आहे!"

हशा पिकला. शिट्टीसाहेब सुनेकडे वळला.

"ताई, खड्डा सारवलात?"

तिला प्रश्न कळला नाही. "हो," ती म्हणाली. "स्वच्छ केला."

"मग आता एक खिडकीपण बसवा. पडदे मी आणतो."

पोरं पोट धरून हसली. मास्तरही हसले. तिच्या हातातून राखेचं पाणी टपटप पायावर पडत होतं. हात कुठं ठेवावेत ते तिला समजेना.

"साहेब, पोरांसमोर नको," खड्डेबाई खालून म्हणाल्या.

"मग कुणासमोर? ही मुलं पैसे मोजून येतात ती मातीचे थर बघायला. वरची माती, खालची माती, त्याखालचा दगड. सगळं पुसून टाकलं ह्यांनी. तुकडीला ओढ्यावर न्या." त्यानं खिशातून फोन काढला, चार पावलं गेला, पाठ करून बोलला आणि परत आला. "उद्या सकाळी यंत्र येतंय. तुमचं काम झालं. सासऱ्यांना सांगा."

सासऱ्यांना सांगायला लागलं नाही. रात्रभर दवाखान्यात ठेवून, डॉक्टरांनी धुळीत पाऊल टाकायचं नाही असं बजावून नुकतंच सोडलं होतं, आणि ते नवऱ्याच्या खांद्याला धरून पोरांच्या कड्यामागं उभे होते. पोरं पांगली. ते हळूहळू काठाशी आले, वाकून खाली बघितलं.

"छान सारवलंस," ते म्हणाले.

तिला रडू फुटलं. "मामंजी, मला काय माहीत!"

"कसं माहीत असणार?"

खड्डेबाई शिडीवरून वर आल्या. गुडघ्यावरची माती झटकत हळूच म्हणाल्या, "तीन वाजता दुसरी तुकडी आहे, बाबा. साहेबांना मी सांभाळते. तोवर काही होईल का?"

"होईल," सासरे म्हणाले.

"कोण करणार?" नवरा म्हणाला. "मला येत नाही. हिला येत नाही."

"मी उतरतो."

"डॉक्टरनं काय सांगितलं तासाभरापूर्वी? ऐकलंत ना दोन्ही कानांनी?"

"एका कानानं ऐकलं. दुसऱ्यानं मला जरा कमीच येतं."

"अण्णा, थट्टा पुरे."

"मग शिडी धर."

त्यांना खाली न्यायला किती वेळ लागला ते कुणी मोजलं नाही. सुनेनं ओलं फडकं त्यांच्या नाकातोंडावर बांधलं. नवऱ्यानं काखेतून दोर घातला. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. ती खाली उभी राहून त्यांची टाच धरून पुढच्या पायरीवर ठेवत होती. टाचेच्या भेगांत जुन्या कुठल्या कुठल्या विहिरींची माती बसलेली, ती आता धुऊन निघणारी नव्हती.

खाली आल्यावर त्यांनी कमरेची सुरी काढली. झिजून बोटाएवढी राहिलेली, टोक मात्र शाबूत. भिंतीला लावली. सुरी पडली. तिनं उचलून दिली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा तिनं उचलली तेव्हा त्यांनी हात पुढं केला नाही.

"तूच धर," ते म्हणाले आणि पालथ्या घमेल्यावर बसले.

वर दोर धरून नवरा उभा होता. सवयीनं तो काठापासून मागं सरायला लागला.

"राहू दे," सासरे वर न बघता म्हणाले. "फक्त हलू नको."

तिनं सुरी धरली, भिंतीवरून खाली ओढली. सारवण निघालं, पण खालची मातीही पुसली गेली, चकचकीत झाली.

"ओढू नको. ओढलं की माती तोंड मिटते. टोक आत घाल. थोडंसंच. आता उचक. तिला जिथं तुटायचं तिथं तुटू दे."

टक. नखाएवढा तुकडा सुटला. त्यामागं खरबरीत, काळी, जिवंत अशी माती दिसली. तिच्यात केसाएवढं एक मूळ.

"वरून सुरुवात कर. खालून केलंस तर वरचं पडून केलेलं झाकतं."

टक, टक, टक. मान आखडली. डोळ्यांत माती गेली. हात डोक्यावर धरून धरून बधिर झाले. वीतभर भिंत उघडी व्हायला किती वेळ जातो, हे तिला आज कळत होतं. आपण काल संध्याकाळपर्यंत किती झरझर हात फिरवला होता, ते आठवून तिला लाज वाटली. काळी संपली. तांबूस आली, तीही एकदम नाही, काळीत मिसळत मिसळत. तांबूसमध्ये पांढरे खडे.

मध्येच ती थांबली. "मामंजी, एक विचारू? सहा वर्षांत एकदा तरी दाखवायचं होतंत."

ते फडक्याआडून श्वास ओढत राहिले. मग म्हणाले, "दाखवलं असतं तर मला कशाला कुणी बोलावलं असतं? विहिरी गेल्या तेव्हा मी दोन वर्षं ओट्यावर बसून होतो. तू नव्हतीस तेव्हा. ह्याला विचार." वर मान केली. "पोराला जेवायला वाढताना ह्याची आई आधी माझ्याकडं बघायची. काही म्हणायची नाही. नुसती बघायची."

वर नवरा उन्हात उभा होता. त्यानं दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

तिनं पुन्हा सुरी लावली. टक. आणि माती नाही, एक गोटा दिसला. मग दुसरा. काल तिनंच ठोकून आत बसवलेले. सगळे गोल, गुळगुळीत, एका ओळीत, सगळे एकाच दिशेला किंचित कललेले.

"हे असे कोण लावून ठेवतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"पाणी," सासरे म्हणाले. "ओढा आज तिकडं आहे. कधीतरी इथून जात होता."

तिनं वर बघितलं, मग गोट्यांकडं. ती उभी होती तिथं तिच्या छातीएवढ्या उंचीवरून पाणी वाहत गेलेलं. ती हे गोटे सहा वर्षं उपसत होती, शिव्या घालत उपसत होती, कारण त्यांनी घमेलं जड होई.

तीन वाजले तेव्हा कातळाजवळची हातभर भिंत राहिली होती. तिनं सुरी थांबवली. सासऱ्यांना वर न्यायला हवं होतं, पण ते उठले आणि पुन्हा बसले. पायांत काही राहिलं नव्हतं. वरून पोरांचा गलका आला. "असू द्या त्यांना," खड्डेबाई म्हणाल्या आणि पाच-पाच पोरं खाली सोडायला लागल्या. सून कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"किती थर?"

"चार!" "पाच, बाई, ते गोटे धरून पाच!" "सहा, खालचा दगडपण!" भांडण जुंपलं. खड्डेबाईंनी सुतळी लावली, खुणेला काड्या टोचल्या.

एका पोरीचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "आजोबा, तुम्ही इथं का बसलात?"

"वर चढवेना म्हणून."

"तुम्हाला हे थर माहीत आहेत?"

"नावं बाईंना माहीत. मला ते कुठं किती दमवतात ते माहीत आहे." त्यांनी फडकं खाली ओढलं. "काळी आहे ना, ती एका सकाळीत संपते. बोलत बोलत. तांबूस दीड दिवस खाते, कुदळ चिकटून बसते, ओढून काढावी लागते. पांढरे खडे लागले की हात झिणझिणतात, जेवताना घास थरथरतो. गोट्यांना पहार लागते. मुरूम बरा. आणि कातळ लागला की घरी जायचं."

कुणी हसलं नाही. एका पोरानं वहीत लिहायला घेतलं आणि विचारलं, "तांबूस दीड दिवस ना?"

"दीड. तुझा हात नवा असला तर दोन."

"तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"येतो की."

शिट्टीसाहेब काठावर उभा होता. शिट्टी ओठांत धरलेली, पण वाजवली नाही.

शेवटची पोरं वर गेली. मग सासऱ्यांना काढलं. नवऱ्यानं आणि तिनं दोघांनी दोर धरला. ओढायला तिनं पाय रोवले, भरलेल्या घमेल्याच्या बेतानं अंग मागं टाकलं, आणि जवळजवळ उताणी पडली. एवढं वजन नव्हतंच त्यांना. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यालाही कळलं होतं. दोघांनी पुढचा दोर जरा जपून ओढला.

शिट्टीसाहेब आला तेव्हा सासरे गवतावर आडवे पडून श्वास गोळा करत होते.

"यंत्र उद्या येणारच," तो म्हणाला. सकाळचा आवाज नव्हता, पण माघार घ्यायचाही नव्हता. "चार दिवसांचं काम अर्ध्या तासात होतं, ते मी नाकारू शकत नाही. बाई म्हणतात, भिंत ह्यांच्याच हातची पाहिजे. यंत्राच्या दातांनी चिकणमाती लिंपली जाते म्हणे. तेवढं काम राहील. एका माणसाचं."

"एका माणसाचं," नवरा म्हणाला.

"ताईंचं."

नवऱ्यानं दोराचं वेटोळं घातलं. नीट, एकावर एक. मग तिच्याकडं न बघता म्हणाला, "चांगलं झालं." खरंच चांगलं झालं असं त्याला वाटत असावं, आणि खरंच वाटत नसावं. कुदळ खांद्यावर घेऊन तो बापाला उठवायला वाकला.

दुसऱ्या दिवशी यंत्र आलं आणि कालचा खड्डा असतानाच दहा पावलांवर दुसरा उकरून गेलंसुद्धा. ताटं पहिल्यांदाच दुसऱ्या बाईकडं गेली होती. नवरा तिला पोचवायला आला होता. घरी बसून काय करायचं, म्हणून आला होता. सासरे घरी झोपले होते.

खड्ड्याची भिंत ओल्या कढईसारखी चमकत होती. ती उतरली आणि सुरी काढली. मग वर बघितलं.

"अहो, या की खाली."

"मी कशाला? काम एकाचं आहे."

"काम एकाचंच आहे. बघायला काय जातंय?"

तो काठावर जरा वेळ उभा राहिला. दूर दोघं-तिघं तंबूवाले बघत होते. मग तो शिडीवर पाय टाकून खाली आला. दोघं भिंतीच्या एकाच तुकड्यासमोर उभे राहिले. खांद्याला खांदा लागला. तिनं सुरी त्याच्या हातात दिली.

वरून शिट्टीसाहेबानं हाक मारली, "ताई, किती वेळ? दहाला मुलं येतात."

"लागेल तेवढा," ती म्हणाली.

नवऱ्यानं टोक लावलं. एक मोठं ढेकूळ सुटून तिच्या पायावर पडलं.

"चुकलं?"

"चुकलं," ती पाय झटकत म्हणाली. "परत करा."